मुलाबाळांसह तंबूत एक रात्र: नाशिककरांनी तयारी आणि पॅकिंग कसे करावे

डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या आसपास उगवतो. हिवाळ्यात तंबूत राहायला जायचं म्हणजे जवळजवळ १३ तास अंधारात काढायचे. बॅगा भरताना मात्र डोळ्यांसमोर असतो तो दिवस: बॅडमिंटन, स्पीकर, गॉगल, फोटोसाठी जादाचे दोन कपडे. म्हणून वस्तूंची यादी करण्याआधी वेळेची यादी करा. चारला पोहोचलो, सहाला अंधार, आठला जेवण, दहाला झोप, रात्री दोनला धाकट्याला शू, सहाला चहा. त्या त्या वेळी हाताशी काय लागेल ते समोर लिहा. अर्धं सामान आपोआप गळतं आणि विसरलेलं अर्धं आठवतं.

१. आधी जागा, मग तारीख

पहिल्यांदाच जात असाल तर लांब जाऊ नका. गंगापूर धरणाचा परिसर शहराला लागून आहे. पोराला ताप भरला तर रात्रीतून घरी येता येतं. थोडा सराव असेल तर घोटीमार्गे भंडारदरा, सुमारे ७० किलोमीटर. तिथे शेंडी गावाच्या बाजूला पाण्याकाठी गावकरी तंबू लावून देतात आणि पिठलं-भाकरीही करून देतात. पहिल्या खेपेला कुठेही गेलात तरी तंबू आणि जेवण असं आयतंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तंबू लावणं, चूल पेटवणं, पोरं सांभाळणं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी, हे सगळं एकाच संध्याकाळी अंगावर घ्यायची गरज नाही.

स्वतःचा तंबू लावणार असाल तर जागा कोणाची आहे ते आधी विचारा. खासगी शेत असेल तर मालकाला, जंगल असेल तर वनविभागाला. भंडारदऱ्याच्या आसपासचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि शेकोटीही पेटवता येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोयीचा काळ. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला गर्दी होते, पण तेव्हा वळवाचा पाऊस कधीही गाठतो आणि गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांचेही हाल होतात. लहान मुलांना घेऊन पावसाळ्यात तंबूत झोपायला जाऊ नका, एवढंच म्हणतो.

२. गच्चीवर रंगीत तालीम

आठवडाभर आधी तंबू गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात एकदा पूर्ण लावून बघा. दांड्या, खुंट्या, दोऱ्या, वरचं आच्छादन, सगळं मोजून घ्या. पिशवीवर ‘४ व्यक्ती’ लिहिलेलं असेल तर त्यात दोन मोठे आणि दोन लहान मावतात, ते खेटून. बॅगा ठेवायला जागा हवी असेल तर एक आकडा मोठा तंबू घ्या. विकत घेण्याआधी भाड्याने मिळतो का, तेही बघा. वर्षातून एकदा जाणाऱ्याला तेच परवडतं.

मुलांना त्यात दुपारची झोप काढू द्या. चेन आतून कशी उघडायची, हे त्यांना तेव्हाच शिकवून ठेवा.

३. थंडीचा बंदोबस्त खालून

निफाडचा पारा वर्तमानपत्रात वाचून आपण अंगावर घ्यायला तीन-तीन ब्लँकेटं घेतो. पण उघड्यावर झोपल्यावर खरी थंडी जमिनीतून चढते. अंगाखालची गादी आपल्या वजनाने दबते, तिच्यातली हवा जाते आणि ऊब धरून ठेवायला काही उरत नाही. तेव्हा सर्वांत खाली ताडपत्री, मग तंबू, आत फोमची जाड चटई, वर सतरंजी आणि गोधडी. हवा भरायची गादी मऊ लागते, पण तिच्या आतली हवा गार पडते. ती नेलीत तरी वर गोधडी हवीच.

प्रत्येकाचा झोपायचा जोड वेगळा ठेवा: कोरडे कपडे, लोकरी मोजे, कानटोपी. दिवसभर घामेजलेल्या कपड्यांत झोपलं की पहाटे हुडहुडी भरते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून आणि मोज्यात घालून पायाशी ठेवली की मुलं शांत झोपतात.

तंबूची झरोक्याची जाळी थोडी उघडी ठेवा. नाहीतर श्वासातल्या वाफेचं कापडाला लागून पाणी होतं आणि सकाळी पांघरुणं ओलसर होतात. आणि कितीही गारठा असो, कोळशाची शेगडी किंवा पेटता स्टोव्ह तंबूत नेऊ नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

४. स्वयंपाकघर एका खोक्यात

एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा फक्त स्वयंपाकाला द्या. तांदूळ, मूगडाळ, हळद, तिखट, मीठ हे मापाने एकाच पिशवीत घरूनच भरून घ्या, म्हणजे तिथे फक्त फोडणी आणि पाणी. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं असेल तर दुसऱ्या दिवसाच्या नाश्त्याचीही काळजी नाही. चिवडा घ्या, हे नाशिककराला सांगायला नको.

हमखास राहून जाणाऱ्या वस्तू: सांडशी, चहाची गाळणी, चाकू, भांडी घासायची काथ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी आणि शिवाय एक लायटर. चौघांना एका रात्रीसाठी पिण्याला आणि स्वयंपाकाला २० लिटरचा एक जार पुरतो. धुण्यापुसण्याचं पाणी वेगळं धरा. भाजी, दूध, अंडी घोटीच्या बाजारात घेतली तरी चालतं.

५. रात्रीची पिशवी

ही छोटी पिशवी झोपताना उशाशी हवी. माणशी एक बॅटरी (मोबाइलचा उजेड धरू नका, चार्जिंग संपतं), पाण्याची बाटली, टॉयलेट पेपर, डास पळवायचं मलम, रोजच्या गोळ्या, तापाचं औषध, ओआरएस, बँडेज. दमा किंवा मधुमेह असलेल्या माणसाची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा.

बूट तंबूच्या आत घ्या आणि सकाळी झटकूनच पाय घाला. विंचवाला अशी जागा आवडते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, म्हणून चेन पूर्ण बंद आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. सर्पदंश झालाच तर कापाकापी, घट्ट आवळपट्टी, मांत्रिक यांत वेळ घालवू नका; माणसाला हलू न देता थेट सरकारी रुग्णालय, गाडी नसेल तर १०८. घाटात फोनला रेंज नसते, तेव्हा जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि रस्ता घरीच बघून, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. खरकटं आणि खाऊ तंबूपासून दूर, शक्यतो गाडीत. नाशिकच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. मुलांना रात्री एकटं सोडू नका, शू लागली तरी मोठं माणूस सोबत.

६. डिकी भरताना

जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी भरा. तंबू, ताडपत्री, बॅटऱ्या वर. मग स्वयंपाकाचं खोकं, तळाला कपडे. प्रत्येकाला एकच बॅग, आणि शाळकरी मुलं आपली बॅग स्वतः भरतील. त्यात एक पत्त्यांचा जोड असू द्या.

पोहोचल्यावर चहाची घाई नको. आधी सपाट, थोडी उंच जागा, ओढ्याच्या पात्रापासून आणि धरणाच्या काठापासून मागे, कारण पाणी कधी वाढेल ते आपल्या हातात नाही. डोक्यावर आग्या मोहोळ नाही ना, ते बघून घ्या. पाच वाजेपर्यंत तंबू उभा आणि अंथरुणं घातलेली असली पाहिजेत. मग चहा.

परतल्यावर कितीही कंटाळा आला तरी तंबू त्याच दिवशी दोरीवर टाका. ओला गुंडाळला तर काळी बुरशी धरते आणि तो वास जात नाही. बॅटरीतले सेल काढून ठेवा, आणि काय न वापरता परत आलं त्यावर यादीत काट मारा.