खोबणीतली प्रत्येक पिशवी डर्मॉइड नसते : नव्या रेसिडेंटसाठी

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी मोतीबिंदूच्या रांगेतून मान वर काढायला सवड नसते, त्यामुळे ऑर्बिट, म्हणजे डोळ्याची खोबण, हा विषय परीक्षेपुरता उरतो. मग व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) खोबणीतली गाठ दाखवली की तोंडून आपोआप ‘डर्मॉइड’ (त्वचेच्या पेशींची जन्मजात गाठ) निघतं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण कंजंक्टायव्हाची (डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ पापुद्र्याची) सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, ओळखायची, तर स्कॅन मागवण्याआधी दोन गोष्टी बघा : गाठ कुठल्या कोपऱ्यात आहे आणि त्या डोळ्यावर आधी काय काय झालंय.

जन्मजात सिस्ट बहुधा वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात सापडते. डर्मॉइडची नेहमीची जागा भुवईच्या बाहेरच्या टोकापाशी, कपाळाचं हाड गालाच्या हाडाला जुळतं तिथे. कंजंक्टायव्हाची गाठ मऊ, न दुखणारी, सावकाश वाढणारी. मोठी झाली की डोळा खाली आणि बाहेर ढकलते. पुढच्या बाजूला असली तर पापणी उचलल्यावर पारदर्शक फुगा दिसतो, टॉर्च लावला की उजळतो. तान्ह्या बाळात मात्र याच कोपऱ्यात हाडाच्या फटीतून मेंदूचं आवरण बाहेर आलेलं असू शकतं. रडताना गाठ फुगते का, ठोके लागतात का, हे बघितल्याशिवाय सुईचं नाव काढू नका. आणि गाठ दुखरी, लालसर असेल, डोळा फिरवताना त्रास होत असेल, तर आपल्याकडे सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळीची गाठ) आधी आठवायचा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डोळा काढलेल्या पेशंटनी. ते गाठीची तक्रार घेऊन येतच नाहीत. ‘डॉक्टर, खोटा डोळा बसत नाही, सारखा निसटतो,’ एवढंच सांगतात. काही जण तर तो पुन्हा पुन्हा घासून घेऊन आलेले असतात. शेल, म्हणजे तो खोटा डोळा, काढून खोबणीत बोट फिरवा, मागे फुगवटा लागतो. शस्त्रक्रियेत किंवा जखमेत कंजंक्टायव्हाचा पापुद्रा आत दबून राहतो, त्यातल्या गॉब्लेट पेशी म्यूकस (चिकट स्राव) सोडत राहतात, आणि वाट नसल्याने पिशवी फुगते. तिरळेपणाच्या किंवा पडद्याच्या ऑपरेशननंतरही हे होतं, कधी कित्येक वर्षांनी. म्हणून जुनी फाईल मागा. पेशंट ‘लहानपणी काहीतरी केलं होतं’ म्हणून सोडून देतो.

सीटीवर कडा रेखीव, आत पाण्यासारखी घनता, चरबी नाही.

नुसतं पाणी काढलं तर गाठ पुन्हा भरते, कारण अस्तर तिथेच असतं. ती भिंतीसकट, न फोडता काढायची. नाकाकडच्या कोपऱ्यात ट्रॉक्लिया (डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूची कप्पी) जपा, नाहीतर पेशंटला एकाचे दोन दिसायला लागतील.

नमुना पाठवताना फॉर्मवर नुसतं ‘सिस्ट’ लिहू नका. जागा आणि जुनी शस्त्रक्रिया लिहा. केराटिन (त्वचेच्या वरच्या थरातलं कडक प्रथिन) नसलेलं अस्तर आणि गॉब्लेट पेशी दिसल्या तर उत्तर सोपं : कंजंक्टायव्हाची सिस्ट. केस आणि तेलग्रंथी दिसल्या तर डर्मॉइड. दोन्ही एकत्र असलेल्या गाठीही असतात. अशी स्लाइड आली की पॅथॉलॉजीत स्वतः जाऊन बघा.