मिनी पोकलेनसाठी ट्रॉली घेताना

माहितीपुस्तिकेतला वजनाचा आकडा धरून ट्रॉली घेऊ नका. दीड टनाच्या मशीनसोबत दोन-तीन बकेट, खडक फोडायचा ब्रेकर आणि डिझेलने भरलेली टाकी आली की वजन पावणेदोन टनांच्या घरात जातं. ट्रॉलीचं स्वतःचं वजन वेगळंच. एका एक्सलवर भागवायचा मोह टाळा. दोन एक्सल आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच.

खरी कसोटी मशीन चढवताना. रॅम्प आखूड असला की चढ उभा होतो, आणि ओल्या, गुळगुळीत लोखंडावर रबरी ट्रॅक सरळ घसरतो. पावसाळ्यात तर विचारूच नका! लांब, जाळीदार रॅम्पच बघा. वजनाचा भर एक्सलच्या किंचित पुढे पडला पाहिजे. मागे गेला तर वेगात ट्रॉली शेपूट हलवायला लागते. बकेट खाली टेकवून चारही बाजूंनी साखळ्या आवळा. नायलॉनचा दोर भाजीच्या क्रेटला ठीक.