नवजात बाळाच्या चार्टवर दिसेल ते सगळं कोड करू नका

मी मेडिकल कोडर आहे, म्हणजे पेशंटचा चार्ट (डॉक्टरांच्या नोंदी) वाचून निदानांना ठरलेले कोड लावते. माझी सगळ्यात वाईट ऑडिट शीट, म्हणजे तपासणाऱ्याने काढलेल्या चुकांची यादी, आली ती एका ठणठणीत बाळाच्या चार्टवर. मी तेव्हा नवीन होते, पण कोड पाठ होते आणि त्याच भरवशावर होते. तो दिवस आठवला की अजून पोटात खड्डा पडतो. म्हणून हे लिहितेय.

दोन दिवसांचं बाळ, नॉर्मल डिलिव्हरी. तपासणीच्या नोंदीत डॉक्टरांनी लिहिलेलं: नाकावर मिलिया (बारीक पांढरे दाणे), छातीपोटावर एरिथेमा टॉक्सिकम (नवजातांचं एक पुरळ), मानेवर मागे स्टॉर्क बाइट (जन्मजात लालसर खूण), सेक्रल डिंपल (पाठीच्या खालच्या टोकाला खळी). मी कोडच्या पुस्तकाच्या इंडेक्समधून एकेक शोधत गेले. झेड३८.०० हा जन्माचा कोड पहिला लावला, तो बरोबर होता. मग मिलियाला एल७२.०, एरिथेमा टॉक्सिकमला पी८३.१, मानेवरच्या खुणेला क्यू८२.५. डिंपल म्हणजे नुसती खळी, त्याला काय कोड लावायचा, असं म्हणून सोडून दिलं. ऑडिटरने माझे तिन्ही कोड काढले आणि एक घातला: क्यू८२.६, कंजेनिटल सेक्रल डिंपल. डॉक्टरांच्या प्लॅनमध्ये त्या खळीसाठी एकच ओळ होती, मणक्याची सोनोग्राफी. ती मी वाचलीच नव्हती.

तीन चुकीचे, एक सुटलेला. एका चार्टवर चार एरर.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण पुस्तक पाठ करणारेच यात आधी अडकतात. नवजात बाळाच्या तपासणीत त्वचेवर काही ना काही सापडतंच. डॉक्टर ते प्रामाणिकपणे लिहितात, आणि लिहायलाच हवं. पण आयसीडी-१०-सीएमच्या (आपण वापरतो त्या निदानांच्या कोडसंचाच्या) गाइडलाइन्समध्ये सोळाव्या, म्हणजे नवजातांच्या, चॅप्टरखाली स्पष्ट म्हटलंय की नेहमीच्या तपासणीत दिसलेल्यापैकी 'क्लिनिकली सिग्निफिकंट' असेल तेच कोड करायचं. म्हणजे ज्यासाठी वेगळं क्लिनिकल मूल्यमापन झालं, उपचार दिले, निदानासाठी चाचणी केली, मुक्काम वाढला, नर्सिंग किंवा देखरेख वाढवावी लागली, किंवा पुढे बाळाच्या आरोग्यसेवेच्या दृष्टीने ज्याचे परिणाम आहेत. सहापैकी एक तरी हवं. नुसतं 'दिसलं' हे त्या यादीत कुठेच नाही.

एरिथेमा टॉक्सिकमचंच घ्या. नाव ऐकून धडकी भरते, पण त्यात विषारी काही नसतं. पहिल्या काही दिवसांत लाल चट्टे उठतात, मध्ये पिवळसर पुटकुळी, आणि आपोआप जातात. नोंदीत फक्त 'आहे' एवढंच असेल तर कोड नाही. पण डॉक्टरांना पुटकुळ्या पाहून इन्फेक्शनची शंका आली, त्यांनी स्मिअर (पुटकुळीतला नमुना) पाठवला, त्यात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निघाले आणि निदान एरिथेमा टॉक्सिकम असं लिहिलं, तर पी८३.१ हक्काने लावा. पुरळ तेच असलं तरी इथे त्याच्यासाठी काम झालंय.

सहावा मुद्दा जास्त जपा. पहिले पाच निकष कुठल्याही वयाच्या पेशंटच्या अतिरिक्त निदानाला लागतात, सहावा फक्त नवजातांसाठी आहे. चेहऱ्यावर पोर्टवाइन स्टेन (जन्मजात गडद लाल डाग) आहे, आज काहीच उपचार नाहीत, पण डॉक्टरांनी लिहिलंय की पुढे डोळ्यांची तपासणी लागेल. इथे क्यू८२.५ आलाच पाहिजे. मात्र 'पुढे परिणाम होईल' हे डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. तुम्हाला माहीत आहे म्हणून चालत नाही.

मला शिकवणाऱ्या एका सीनियरचं म्हणणं असायचं, 'असेल ते टाकून दे, जास्तीचं ऑडिटवाले काढतील.' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा, माणूस कितीही चांगला असो. जास्तीचा कोड म्हणजे निरोगी बाळाच्या रेकॉर्डवर चिकटलेला आजार. आणि 'नवजात त्वचाविकार, एका पानात' अशा ज्या याद्या ग्रुपवर फिरतात, त्या सुरुवातीचं वर्षभर उघडूसुद्धा नका. कोड बरोबर असतो, पण त्याच्याखालच्या एक्सक्लूड्सच्या टिपा (या कोडमध्ये काय मोडत नाही ते सांगणाऱ्या) त्या पानावर नसतात.

त्या टिपांमुळे दुसरा एक गैरसमजही सुटतो. बाळ २८ दिवसांच्या आतलं आहे म्हणून कोड पी या नवजातांच्या चॅप्टरच्या अक्षरानेच सुरू होणार, असं नाही. डायपर रॅश दहाव्या दिवशी झाला तरी एल२२च. क्रेडल कॅप (बाळाच्या डोक्यावरची खपली) एल२१.०, बाळाचे अ‍ॅक्ने एल७०.४. पी८३च्या खाली डायपर रॅश आणि क्रेडल कॅप एक्सक्लूड्स २मध्ये दिलेत, म्हणजे ते यात मोडत नाहीत, पण दोन्ही असतील तर दोन्ही कोड लागू शकतात. नवजाताचं त्वचेचं इन्फेक्शन पी३९.४, ते मात्र एक्सक्लूड्स १मध्ये, म्हणजे दोन्ही कोड एकत्र लावायचे नाहीत. टॅब्युलर (कोडची क्रमवार यादी) उघडून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग विसरणार नाही.

झेड३८ जन्म झाला त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डवर एकदाच. बाळ दुसरीकडे हलवलं तर तिथे तो लागत नाही. एवढं सोपं आहे, त्यात अडकू नका.

क्वेरी, म्हणजे नोंद स्पष्ट करण्यासाठी डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवायला मी फार घाबरायचे. डॉक्टर चिडतील, टार्गेट बुडेल, असं वाटायचं. एकदा नोंदीत फक्त 'डायपर रॅश' होतं, वर्णनात सॅटेलाइट लेजन्स (मुख्य चट्ट्याभोवतीचे छोटे ठिपके) आणि प्लॅनमध्ये निस्टॅटिन (बुरशीवरचं औषध). हात कॅन्डिडाच्या (बुरशीच्या इन्फेक्शनच्या) कोडकडे जातच होता. थांबले आणि विचारलं: 'निस्टॅटिन कोणत्या निदानासाठी दिलंय, कृपया नोंदवावं.' प्रश्नात कॅन्डिडाचं नाव मुद्दाम घातलं नाही, उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नसतं. दुसऱ्या दिवशी नोंदीत भर पडली. कुणीही चिडलं नव्हतं.

सुरुवातीला तुमचा वेग कमी पडेल, आजूबाजूचे पुढे जातील आणि रडू येईल. मलाही आलं. ते दोन-चार महिन्यांत सावरतं, खरंच सावरतं. चार्ट उघडला की आता मी आधी असेसमेंट आणि प्लॅन वाचते, नंतर तपासणीच्या नोंदीकडे जाते. सोनोग्राफीची ओळ तेव्हापासून एकदाही सुटलेली नाही.