टाकी फुल्ल, पण बाथरूमचा नळ कोरडा

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज कुठं येतंय ओ, त्यामुळं टाकी पार तळाला गेली आणि परत भरली तर बाथरूमचा नळ नुसता फुसफुस करून गप्प. प्लंबर म्हणला पाइप बदला. म्हटलं थांब जरा. गच्चीवर पाइप कठड्यावरून उंटासारखा वर जाऊन खाली येतो, तिथंच हवा अडकलेली. मग वॉशिंग मशीनचा पाइप घेतला, एक टोक मोटारीच्या डायरेक्ट नळाला (ज्याला टाकीतनं नाही, थेट मोटारीचं पाणी जोरात येतं), दुसरं बाथरूमच्या नळाला क्लॅम्पनं आवळलं, बाकीचे नळ बंद, हे दोन्ही सोडले आणि मोटार चालू. मिनिटभरात टाकीत बुडबुड बुडबुड, बायको वरनं ओरडली, "सुटली ओ हवा!" तेवढ्यात क्लॅम्प निसटला, डिसेंबरात सकाळी सकाळी गार पाण्यानं मी चिंब. आता त्या उंचवट्यावर टी (तीन तोंडांचा जोड) लावून टाकीपेक्षा उंच व्हेंट पाइप, म्हणजे हवा बाहेर जायला उघडा पाइप, काढलाय.