हुडकणाऱ्याला काय पाहिजे, ते आधी हुडका

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात पहिल्या दिवशी बसाल तेव्हा एक गोष्ट धरून चाला: माणूस जे मागतो ते त्याला बहुतेक वेळा नको असतं.

खानापूर तालुक्यातले एक मामा आले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात घडीघडीवर फाटलेला कागद. "मॅडम, मोडीचं पुस्तक हाय काय?" मी तत्परतेनं मोडीची बाराखडी काढून दिली. अर्धा तास ते पानं उलटत बसले. शेवटी मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि विचारलं, "मामा, नेमकं काय हुडकालाय तुम्ही?" तेव्हा दुसरा कागद निघाला. मोडी कुणीतरी आधीच वाचून देवनागरीत उतरवून दिली होती. अडलं होतं एका शब्दावर, 'मिरासपत्र'. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढला, 'मिरास' सापडला: वंशपरंपरेचा हक्क. पाच मिनिटांचं काम. अर्धा तास मी वाया घालवला होता, त्यांनी नव्हे.

म्हणून पुस्तक काढण्याआधी दोनच प्रश्न विचारा: "कशासाठी पाहिजे?" आणि "आतापर्यंत कुठं कुठं बघितलं?" पहिला जरा हळू आवाजात विचारा. जमिनीचा वाद किंवा आजारपण सगळ्यांसमोर सांगायला माणूस कचरतो. आणि अशा बाबतीत पुस्तक दाखवायचं, सल्ला द्यायचा नाही.

जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोशही जवळ ठेवा, 1857 ची दुसरी आवृत्ती. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मोबाइलवरही चालतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड कपाटात असले तर वरच्या फळीवर टाकू नका. त्यातली माहिती शंभर वर्षांची, पण शंभर वर्षांपूर्वी लोक काय समजत होते, हेच कुणाला हवं असतं.

आता आपल्या बेळगाव भागाची खरी डोकेदुखी: नावं आणि हद्दी. पुस्तकांच्या तालिकेत 'बेळगाव' शोधून पुस्तक नाही म्हणून सांगू नका. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'बेळगांव' असं अनुस्वारासकट छापलेलं असतं आणि संगणकाला तो वेगळाच शब्द वाटतो. 2014 नंतरच्या सरकारी कागदांत 'बेळगावी'. निपाणी कन्नडमध्ये निप्पाणी होते. तिन्ही-चारही रूपं टाकून बघा. कन्नड अक्षरं निदान वाचता आलीच पाहिजेत. आजचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आणि आजोबांचा कागद मोडीत, अशी जोडी टेबलावर नेहमी येते. येत नसेल तर कन्नड विभागातल्या सहकाऱ्याला हाक मारायची, त्यात कमीपणा नाही.

हद्दींचं तर विचारूच नका. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात, पण 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. चंदगडकर कुणी जुनं विचारायला आला तर बेळगावचं 1884 चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ काढा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकविसावा खंड. उलट शहापूर. आज बेळगाव शहराचा भाग, तेव्हा सांगली संस्थानात. तिथल्या घराण्याचे कागद इंग्रजांच्या जिल्ह्याच्या दप्तरात हुडकून दमू नका, सांगलीकडे वळा.

सीमाप्रश्नावर विचारणारे येणारच. तुमचं मत घरी ठेवा आणि कागद पुढं करा. इथं माझीच फजिती झालेली सांगते. निबंध स्पर्धेसाठी आलेल्या एका मुलाला मी बोलता बोलता, तोंडपाठ असल्यासारखं, महाजन आयोगाचा अहवाल 1966 चा म्हणून सांगितलं. आयोग नेमला 1966 च्या ऑक्टोबरमध्ये. अहवाल आला 1967 ला. पोरानं माझ्या भरवशावर तेच लिहिलं, आणि परीक्षकानं लाल शाईनं गोल केलेला कागद मला आणून दाखवला. रागावला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून बेळगावचं काँग्रेस अधिवेशन 1924 चं आणि अध्यक्ष गांधीजी, हे झोपेत सांगता येत असलं तरी पान उघडल्याशिवाय सांगत नाही. उत्तरासोबत चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, पान लिहून देते.

शेवटचं काम वहीचं. दोनशे पानी साधी वही घ्या: तारीख, प्रश्न, कुठं सापडलं, कुठं नाही सापडलं. विचारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. 'नाही सापडलं' हा रकाना टाळू नका, पुढच्या खरेदीची यादी तिथूनच निघते. डिसेंबरात शाळांचे प्रकल्प सुरू झाले की तेच दहा प्रश्न परत येतात. माझ्या वहीतलं 'मिरास'चं पान आता तेलकट झालंय, कारण ते मामा गावातल्या अजून तिघांना घेऊन आले होते.