बॅटरी नव्हे, अर्थिंग!

बाईकचा सेल्फ मारला की नुसतं 'टक', आणि हेडलाईट मलूल. बॅटरी मात्र 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण चार्ज. गॅरेजवाला नवी बॅटरी घाला म्हणत होता. आमच्याकडे गुहागरात खारा वारा. इथे आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी वायर, बघावं.

मल्टिमीटर डीसीवर घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. सेल्फ दाबल्यावर आकडा शून्याच्या आसपास हवा, तो दोन व्होल्टच्या वर! इंजिनाजवळ अर्थची जाड वायर बोल्टने आवळलेली असते, तिथे रिंगेखाली हिरवट-पांढरी पूड साचलेली. बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलं, रिंग आणि बोल्टाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट करकचून आवळला. व्हॅसलीन सगळ्यात शेवटी, वरून. आधी धातूला धातू भिडू द्यावा. पहिल्याच सेल्फला गाडी चालू.

मीटर बाहेर होताच, म्हणून विहिरीचा पंपही उरकला. नुसता गुणगुणायचा. मोटर फिरायला लावणारा कपॅसिटर गेला होता, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) नवा घातला.

दिवाळीनंतर मुरुड ते वेंगुर्ला जायचंय, किनाऱ्याकिनाऱ्याने. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे फेरीबोटीत गाडी चढते आणि खारं पाणीही अंगावर येतं. मुक्कामी गोड्या पाण्याने धुणं आणि चेनला तेल ठरलेलं. सामानाचं स्टँड स्टेनलेसचं करायचं की साध्या लोखंडाला पावडर कोटिंग, यावर वेल्डरशी अजून वाद चालू आहे. मी स्टेनलेसवर अडून आहे.