संगणकाला एसएसडी बसवावी का, हे कसे ठरवावे

नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधील कार्यालयांत, सिडकोतल्या कर सल्लागारांकडे किंवा पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदारांकडे जुने संगणक आजही रोजच्या वापरात दिसतात. मशीन फार स्लो झाले म्हणून एम. जी. रोडवरच्या दुकानात नेले, की ‘एसएसडी टाकून घ्या’, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क बसवा, हा सल्ला हमखास मिळतो. तो बहुतेक वेळा योग्यच असतो. पण आपल्या मशीनला तो लागू पडतो का, हे दुकानात जाण्यापूर्वी स्वतःच पाहता येते, आणि ते पाहिल्याशिवाय खर्च करू नये.

संगणक सुरू केल्यावर टॅली, एक्सेल, ब्राउझर असे नेहमीचे काम उघडावे आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर सुरू करावा. त्यातील परफॉर्मन्स या भागात डिस्कवर क्लिक केले, की ती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे बहुधा तिथेच लिहिलेले दिसते. आता आकडे नीट वाचावेत. डिस्कचा वापर १०० टक्के, पण प्रत्यक्ष वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम १-२ एमबी आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद, असे विचित्र चित्र दिसले तर अडचण हार्ड डिस्कपाशी आहे असे समजावे. ते १०० टक्के वेगाचे नसून डिस्क किती वेळ कामात गुंतलेली होती याचे असतात. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कच्या तबकडीला एका फेरीसाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते, शिवाय हेड हलण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे ठिकठिकाणी विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच माहिती आणून देऊ शकते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो फायली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही प्रतीक्षा जवळजवळ संपते.

त्याच पडद्यावर मेमरीचा, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या रॅमचा, आकडाही पाहावा, कारण खरी गफलत इथे होते. रॅम ४ जीबी असेल आणि ती ९० टक्क्यांच्या पुढे भरलेली असेल, तर विंडोज रॅममधली माहिती वरचेवर डिस्कवर हलवत राहते आणि दोष रॅमचा असूनही डिस्क १०० टक्के दिसते. अशा वेळी केवळ एसएसडी बसवली तर फरक जाणवेल, पण दुखणे राहीलच. आधी रॅम ८ जीबी करावी, किंवा दोन्ही कामे एकदमच उरकावीत. याउलट डिस्क निवांत आणि प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडीने काहीही साधणार नाही. इंटरनेट रेंगाळत असेल तरीही तेच. कार्यालयात टॅलीचा डेटा एका सर्व्हर मशीनवर असून बाकीचे सगळे नेटवर्कवरून काम करत असतील, तर पहिली एसएसडी त्या सर्व्हर मशीनला हवी, साहेबांच्या टेबलावरच्या संगणकाला नव्हे.

मशीनचे वय हा पुढचा प्रश्न. विंडोज १० चे नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तसेच इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचे मशीन एसएसडीने पळू लागेल, पण विंडोज ११ साठी पात्र होणार नाही. तरीही अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी घेतलेली वाया जात नाही, कारण ती उद्या दुसऱ्या मशीनला लावता येते. त्यामुळे अशा संगणकावर एसएसडीपलीकडे खर्च करू नये, एवढेच माझे मत आहे.

कोणती घ्यायची हे मशीनमधल्या जागेवर ठरते. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीची एसएसडी त्याच्या कित्येक पट वेग देते, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला रोजच्या कामात या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही. एम.२ आकाराची पट्टी साटाही असते आणि एनव्हीएमईही, म्हणून लॅपटॉपचे मॉडेल सांगूनच ती घ्यावी. कार्यालयीन कामाला ५१२ जीबी पुरते. जीएसटी बिल घ्यावे आणि वॉरंटी तीन वर्षांची की पाच, हे विचारावे. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला मात्र एसएसडीची गरज नाही. तिथे अखंड रेकॉर्डिंगसाठी बनवलेली हार्ड डिस्कच परवडते.

बदल करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, तर एसएसडीचा निर्णय बाजूला ठेवून आधी डेटाची प्रत बाहेर काढावी. डिस्क धडधाकट असेल तर ती क्लोन करता येते, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी एसएसडीवर उतरवता येते, मात्र वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला असेल तर विंडोज नव्याने टाकलेले बरे. एसएसडी अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणे हार्ड डिस्कपेक्षा अवघड असते, म्हणून नियमित बॅकअपची सोय त्याच दिवशी करावी. हे काम मार्चअखेरीस किंवा विवरणपत्रांच्या जुलैमधील गर्दीत काढू नये, आणि नव्या डिस्कवर एक महिना सुरळीत काम होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नये.